कळ दाबली जाते, अक्षर मात्र उमटत नाही: दुसऱ्या ॲपमध्ये टाइप करणाऱ्या ऑन-स्क्रीन कीबोर्डचे समस्या निवारण

पडद्यावर कळफलक काढणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. बटणांच्या पाच ओळी मांडल्या आणि प्रत्येक बटणावर अक्षर लिहिले, की दिसण्यापुरता कळफलक तयार होतो. त्या बटणावर दाबलेले अक्षर शेजारी उघडलेल्या नोटपॅडमध्ये का उमटत नाही, हे शोधण्यात मात्र पुढचे दोन आठवडे जातात. आणि एकदा सुटली असे वाटलेली ही अडचण नवे बिल्ड, नवा संगणक किंवा वेगळे ॲप समोर आले की पुन्हा डोके वर काढते.

ती अशी परत परत येते, कारण बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या लक्षणामागे तीन निरनिराळे दोष असतात. कळ चुकीच्या विंडोकडे जाते, किंवा ती सिस्टिममध्ये शिरतच नाही, किंवा ती योग्य जागी पोहोचते पण समोरच्या ॲपला तिचा अर्थ लागत नाही. वापरणाऱ्याला तिन्ही वेळा एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे काहीही न होणे. बहुतेक जण या तिन्हींवर एकच औषध देतात: कळ पाठवण्याआधी मूळ विंडोला फोकस (म्हणजे कळा स्वीकारण्याचा ताबा) परत द्यायचा. फोकस परत द्यावा लागतो आहे, याचा अर्थ तो आधी आपल्या कळफलकाने घेतलेला आहे. आणि कळफलकाने तो मुळात घ्यायलाच नको होता, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील विवेचन मुख्यतः विंडोजला धरून आहे. लिनक्स, मॅकओएस आणि अँड्रॉइड यांच्याविषयी नंतर आवश्यक तेवढेच लिहिले आहे.

कोड बदलण्यापूर्वी करायच्या दोन चाचण्या

पहिली चाचणी तीन सेकंदांची. कळफलकावरील कोणत्याही एका बटणाच्या क्लिकमध्ये तात्पुरता टायमर लावावा आणि अक्षर लगेच न पाठवता तीन सेकंदांनी पाठवावे. बटण दाबल्यावर मिळालेल्या त्या वेळात माउसने स्वतः नोटपॅडमध्ये क्लिक करून कर्सर लुकलुकताना पाहावा आणि थांबावे. अक्षर उमटले, तर पाठवण्याचा कोड निर्दोष आहे आणि सगळा दोष फोकसचा आहे. अक्षर उमटले नाही, तर फोकसशी खेळण्यात एक मिनिटही घालवू नये, कारण दोष पाठवण्यात किंवा परवानगीत आहे. यासाठी टायमरच वापरावा. मुख्य थ्रेडला तीन सेकंद झोपवल्यास आपली विंडो गोठते, आणि मग चाचणीचा निष्कर्ष भरवशाचा राहत नाही.

दुसरी चाचणी म्हणजे कळफलकाच्याच कोपऱ्यात एक छोटे लेबल ठेवणे. दर २०० मिलिसेकंदांनी गेटफोरग्राउंडविंडो हे फंक्शन बोलवून, त्या क्षणी पुढे असलेल्या विंडोचे शीर्षक आणि प्रोसेसचे नाव त्या लेबलवर छापत राहावे. नोटपॅडमध्ये क्लिक केल्यावर तिथे नोटपॅडचे नाव येते. त्यानंतर कळफलकावरचे बटण दाबताना ते नाव बदलून आपल्या ॲपचे नाव क्षणभरही झळकले, तर चोर सापडला. हे लेबल मी प्रत्येक प्रकल्पात अगदी शेवटच्या दिवसापर्यंत ठेवतो, कारण फोकस हरवण्याच्या तक्रारी पहिल्या दिवशी कमी आणि सेटिंग्जची विंडो, टूलटिप किंवा अद्ययावतीकरणाचा संदेश जोडल्यानंतर जास्त येतात.

ही चाचणी न करता मी एकदा कसा फसलो, ते सांगण्यासारखे आहे. स्पेसची कळ दाबली आणि कळफलक वेड्यासारखा स्वतःचेच बटण दाबत सुटला. झाले असे होते की, क्लिकमुळे माझीच विंडो पुढे आली होती आणि फोकस स्पेसच्याच बटणावर होता. कोडने पाठवलेली स्पेस त्या बटणाला मिळाली, फोकस असलेले बटण स्पेसने दाबले जाते या साध्या नियमाने ते पुन्हा दाबले गेले, त्याने पुन्हा स्पेस पाठवली आणि चक्र सुरू झाले. नोटपॅड बाजूला कोरेच्या कोरे होते. बाकीची अक्षरे नुसती हवेत विरतात म्हणून लक्षात येत नाहीत. स्पेस आणि एंटर या दोन कळा फोकसचा दोष असा चव्हाट्यावर आणतात.

फोकस: परत देण्याऐवजी घेऊच नये

विंडोजमध्ये एखाद्या विंडोवर क्लिक झाले की ती सक्रिय होते आणि कीबोर्डची पुढची प्रत्येक कळ तिच्याकडे जाते. ऑन-स्क्रीन कीबोर्डला नेमके हेच चालत नाही: त्याला माउसची क्लिक हवी असते, पण सक्रिय होणे नको असते.

यावर सहज सुचणारा आणि सर्वत्र सांगितला जाणारा उपाय असा की, आधीच्या विंडोचा हँडल (विंडोजने तिला दिलेला ओळखक्रमांक) लक्षात ठेवायचा, क्लिक आली की सेटफोरग्राउंडविंडो बोलवून ती पुढे आणायची आणि मग अक्षर पाठवायचे. नोटपॅडवर हे चालते, म्हणून लोक समाधानाने पुढे जातात. ब्राउझरमध्ये सुचवण्यांची खाली उघडलेली यादी फोकस जाताच मिटते आणि परत आल्यावर उघडत नाही. मेन्यू उघडा असेल तर तो बंद होतो. तक्त्याच्या ॲपमध्ये अर्धवट भरलेला कप्पा फोकस गेल्यावर पक्का होऊन कर्सर दुसरीकडे जातो. काही ॲप्स फोकस जाणे ही घटना पाहून मजकूर तपासतात आणि प्रत्येक अक्षरागणिक चुकीचा संदेश दाखवतात. शिवाय कोणत्याही ॲपने कधीही पुढे येऊ नये म्हणून विंडोजने सेटफोरग्राउंडविंडोवर अटी घातल्या आहेत. त्या पूर्ण झाल्या नाहीत तर विंडो पुढे न येता टास्कबारवरचे तिचे बटण फक्त लुकलुकते. कधी चालते, कधी चालत नाही, अशी तक्रार बहुधा इथून उगम पावते.

योग्य मार्ग विंडो तयार होतानाच ठरतो. विंडोच्या विस्तारित शैलीत डब्ल्यूएस_ईएक्स_नोॲक्टिव्हेट हा झेंडा (फ्लॅग) जोडावा. त्याची षोडशमान किंमत ०८०००००० आहे. त्याच्या जोडीला सर्वांत वर राहण्यासाठी डब्ल्यूएस_ईएक्स_टॉपमोस्ट द्यावा, ज्याची किंमत ८ आहे. विंडोज फॉर्म्समध्ये क्रिएटपॅरॅम्स हा गुणधर्म ओव्हरराइड करून तिथेच हे झेंडे जोडता येतात. डब्ल्यूपीएफमध्ये विंडोचा हँडल तयार होईपर्यंत थांबावे लागते, म्हणून सोर्सइनिशियलाइज्ड या घटनेत गेटविंडोलाँग बोलवून उणे २० या क्रमांकाची, म्हणजे विस्तारित शैलीची, किंमत वाचावी, तिच्यात झेंडा मिळवावा आणि सेटविंडोलाँगने परत लिहावी. जुनी किंमत न वाचता थेट नवी लिहिली तर आधीचे झेंडे पुसले जातात.

डब्ल्यूपीएफमध्ये प्रत्येक बटणाचा फोकसेबल गुणधर्म बंद करून पाहणारे पुष्कळ असतात. तो गुणधर्म विंडोच्या आतल्या फोकसपुरता आहे. क्लिकने संपूर्ण विंडो सक्रिय होणे त्याने थांबत नाही. शोॲक्टिव्हेटेड हा गुणधर्मही विंडो पहिल्यांदा दाखवली जाते त्या क्षणापुरताच आहे. दोन्ही उपाय निरुपद्रवी आहेत, मात्र या दुखण्यावरचे नाहीत.

झेंडा लावूनही विंडो सक्रिय होत असेल, तर डब्ल्यूएम_माउसॲक्टिव्हेट हा संदेश स्वतः हाताळावा आणि एमए_नोॲक्टिव्हेट हे उत्तर द्यावे. त्याची किंमत ३ आहे. इथे एका अंकाने घोटाळा होतो: किंमत ४ दिल्यास विंडो सक्रिय होत नाही हे खरे, परंतु क्लिकही गिळली जाते, आणि मग बटणे मेल्यासारखी वाटतात.

इतर साधनांमध्ये हीच सोय वेगवेगळ्या नावांनी मिळते. क्यूटीमध्ये विंडोडझनॉटॲक्सेप्टफोकस हा विंडो फ्लॅग आहे. जावा स्विंगमध्ये सेटफोकसेबलविंडोस्टेट या पद्धतीला असत्य ही किंमत द्यावी. इलेक्ट्रॉनमध्ये विंडो बनवतानाच फोकसेबल असत्य ठेवावा आणि दाखवताना शोइनॲक्टिव्ह वापरावे. पायथनच्या टीकेइंटरमध्ये अशी सरळ सोय नाही, म्हणून सीटाइप्समधून विंडोजचेच फंक्शन बोलवावे लागते. आणि तिथे विनफो_आयडी जो हँडल देते तो आतल्या विंडोचा असतो, बाहेरच्या चौकटीचा नसतो. गेटपॅरेंट वापरून बाहेरचा हँडल मिळवावा आणि झेंडा त्याला लावावा. झेंडा बरोबर लावला तरी काही फरक पडत नाही, असे सांगणाऱ्या टीकेइंटरच्या बहुतेक कोडमध्ये हीच चूक असते.

हा झेंडा आपल्यासोबत तीन गैरसोयी आणतो, त्या आधीच ठाऊक असलेल्या बऱ्या. अशी विंडो टास्कबारवर दिसत नाही; ती लपली तर परत आणायला सूचना क्षेत्रात एखादे चिन्ह हवे. शीर्षकपट्टी धरून ओढताना विंडो जागच्या जागी थिजलेली दिसते आणि माउस सोडल्यावर एकदम उडी मारते. त्यासाठी डब्ल्यूएम_मूव्हिंग संदेशात मिळणाऱ्या चौकटीप्रमाणे विंडो स्वतः हलवावी लागते. आणि तिसरी गैरसोय म्हणजे, अशा विंडोत स्वतःचा मजकूर भरण्याची जागा ठेवता येत नाही, कारण तिथे कर्सर कधी स्थिरावतच नाही. कळफलकात शब्द शोधण्याची किंवा नाव लिहिण्याची सोय द्यायची असेल, तर ती वेगळ्या, साध्या विंडोत द्यावी.

शेवटची अट अशी की, हा झेंडा त्या एकाच विंडोपुरता असतो. बटण दाबून धरल्यावर क, का, कि, की अशी बाराखडी दाखवणारी जी छोटी पट्टी उघडते ती स्वतंत्र विंडो असू शकते, आणि तिलाही झेंडा लावला नाही तर नेमके त्याच वेळी फोकस जातो. मुख्य कळा चालतात पण दाबून धरल्यावरची अक्षरे उमटत नाहीत, अशी तक्रार आली की दुसरीकडे पाहण्याची गरज नसते.

सेंडइनपुट शून्य परत करते

तीन सेकंदांची चाचणी फसली असेल, तर प्रथम सेंडइनपुटने, म्हणजे विंडोजमध्ये कळा पाठवणाऱ्या फंक्शनने, काय परत केले ते पाहावे. हे फंक्शन किती घटना यशस्वीपणे रांगेत घातल्या तो आकडा देते. तो शून्य असेल आणि त्रुटीचा क्रमांक ८७, म्हणजे अवैध पॅरामीटर, असेल तर जवळजवळ खात्रीने इनपुट या संरचनेचा आकार चुकला आहे.

सी शार्पमध्ये ही चूक फार सहज होते. इनपुट संरचनेत माउस, कीबोर्ड आणि हार्डवेअर या तिघांचे युनियन (एकाच जागेत आळीपाळीने बसणारे भाग) आहे. आपल्याला फक्त कीबोर्ड हवा, मग माउसचा भाग कशाला लिहायचा, असा विचार करून तो गाळला जातो. पण युनियनचा आकार त्यातल्या सर्वांत मोठ्या घटकावरून ठरतो, आणि तो घटक माउसचा आहे. ६४ बिट प्रोसेसमध्ये संपूर्ण संरचना ४० बाइटची असली पाहिजे. माउस गाळल्यास ती ३२ बाइटची होते. ३२ बिटमध्ये हेच आकडे २८ आणि २० असे आहेत. आकार जुळला नाही की विंडोज संपूर्ण मागणी नाकारते. वापरात नसलेला माउसचा भाग म्हणून जागेवर ठेवावाच लागतो. युनियनची सुरुवात कितव्या बाइटवर होते हे हाताने लिहिलेल्या कोडमध्ये आणखी एक खड्डा असतो: ३२ बिटमध्ये ती ४ वर आणि ६४ बिटमध्ये ८ वर होते. जुन्या उदाहरणातला ४ तसाच उतरवून घेतला, तर ३२ बिटचे बिल्ड चालते आणि ६४ बिटचे चालत नाही. नवे बिल्ड घेतल्यावर टाइप होणे बंद झाले, या तक्रारीचे मूळ मला एकाहून अधिक वेळा इथे सापडले आहे. युनियन वेगळ्या संरचनेत लिहून ती इनपुटमध्ये क्रमाने ठेवली, की जागेचा हिशेब कंपायलर स्वतः करतो.

सर्वत्र चालते, एका विशिष्ट ॲपमध्ये चालत नाही

सेंडइनपुट पूर्ण आकडा परत करते, फोकस योग्य विंडोवर आहे, नोटपॅडमध्ये अक्षरे येतात, आणि तरीही एखाद्या ॲपमध्ये काहीच होत नाही. अशा वेळी ते ॲप ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू आहे का, ते आधी पाहावे. व्हिस्टापासून विंडोजमध्ये यूआयपीआय नावाची भिंत आहे: खालच्या विश्वासपातळीवरची प्रोसेस वरच्या पातळीवरच्या प्रोसेसला कळा पाठवू शकत नाही. ही अडवणूक मूक असते. सेंडइनपुटने परत केलेल्या आकड्यावरून किंवा गेटलास्टएररवरून तिचा पत्ता लागत नाही, हे मायक्रोसॉफ्टने स्वतःच नोंदवून ठेवले आहे. म्हणून खात्री प्रयोगानेच करावी: एक नोटपॅड साधे उघडावे, दुसरे ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावे आणि दोन्हींत एकच अक्षर पाठवून पाहावे. फरक दिसला तर निदान झाले.

यावर दोन उपाय आहेत. कळफलकच ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवणे हा सोपा उपाय आहे, आणि तो मला पसंत नाही. प्रत्येक वेळी परवानगीची चौकट येते, आणि जिथे वापरणाऱ्याला ती परवानगी देण्याचा अधिकारच नाही तिथे कळफलक सुरूच होत नाही. दुसरा उपाय म्हणजे मॅनिफेस्टमध्ये (ॲपला कोणते अधिकार हवेत ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) यूआयॲक्सेस सत्य ठेवणे. ही सवलत अशाच साधनांसाठी आहे; तिचे उदाहरण म्हणून ऑन-स्क्रीन कीबोर्डच दिला जातो. तिच्या अटी मात्र कडक आहेत: फाइलवर त्या संगणकाला विश्वासार्ह वाटेल अशी डिजिटल स्वाक्षरी हवी आणि ॲप प्रोग्रॅम फाइल्ससारख्या सुरक्षित फोल्डरमध्ये बसवलेले हवे. डेस्कटॉपवरून किंवा प्रकल्पाच्या बिल्ड फोल्डरमधून ते चालत नाही. स्वाक्षरी नसताना ते उघडले तर सर्व्हरकडून रेफरल परत आल्याचा एक विचित्र संदेश येतो, ज्याचा वरवर पाहता कशाशीच संबंध लागत नाही. त्याचा अर्थ इतकाच की स्वाक्षरीची अट पूर्ण झालेली नाही. घरच्या घरी चाचणीसाठी स्वतः बनवलेले प्रमाणपत्र त्या संगणकाच्या विश्वासार्ह मूळ प्रमाणपत्रांत घातले तरी भागते. विकासाच्या काळात मॅनिफेस्टच्या दोन प्रती ठेवाव्यात, एक साधी आणि एक यूआयॲक्सेसची, म्हणजे डीबगरमधून ॲप चालवताना अडथळा येत नाही.

परवानगी मागणारी जी चौकट पडदा काळवंडून येते, ती वेगळ्या सुरक्षित डेस्कटॉपवर असते. तिथे आपला कळफलक दिसणारच नाही. तो दोष नव्हे. त्यावर वेळ घालवू नये.

अक्षर येते, पण भलतेच येते

कळ पाठवण्याचे तीन प्रकार आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की गोंधळ होतो. आभासी कळक्रमांक पाठवला, तर समोरच्या विंडोच्या थ्रेडला जो लेआउट लागू आहे त्याप्रमाणे अक्षर ठरते. तिथे मराठी लेआउट चालू असेल आणि आपण इंग्रजी समजून पाठवले, तर भलतेच अक्षर उमटते. कॅप्स लॉक चालू असेल तर तोही लागू होतो. स्कॅनकोड पाठवला तर आपण प्रत्यक्ष कळीच्या जागेची नक्कल करतो. अनेक खेळ फक्त यालाच दाद देतात. तिसरा प्रकार युनिकोडचा: कीइव्हेंटएफ_युनिकोड हा झेंडा, किंमत ४, लावून अक्षराचा क्रमांक स्कॅनकोडच्या जागी द्यायचा आणि आभासी कळक्रमांक शून्य ठेवायचा. यात लेआउटचा आणि कॅप्स लॉकचा प्रश्न उरत नाही, म्हणून देवनागरीसाठी हाच प्रकार सोयीचा आहे.

देवनागरीचे युनिकोडमधील मुख्य कोष्टक षोडशमान ०९०० ते ०९७एफ असे आहे आणि त्यातले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-१६ मध्ये एकाच एककात बसते. तरीही एक कळ म्हणजे एक चिन्ह असे गृहीत धरता येत नाही. ‘श्री’ हे बटण घ्यावे. डोळ्याला ते एक अक्षर आहे. सिस्टिमला ते श, हलंत, र आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हे म्हणून पाठवावे लागते, आणि प्रत्येकाचे दाबणे व सोडणे धरून आठ घटना होतात. या आठही घटना एकाच सेंडइनपुटमध्ये पाठवाव्यात. एका हाकेत दिलेल्या घटनांच्या मध्ये वापरणाऱ्याने प्रत्यक्ष कीबोर्डवर दाबलेली कळ घुसत नाही. आठ वेगळ्या हाका मारल्या तर ती घुसू शकते, आणि मग ‘श्री’ऐवजी मध्येच हलंत उघडा पडलेले काहीतरी दिसते.

बटणाच्या लेबलवरचा मजकूर तसाच पाठवण्याची सोपी युक्ती करताना मराठीत दोन ठिकाणी जपावे लागते. ‘ॲ’साठी युनिकोडमध्ये ०९७२ हा क्रमांक आहे, जो २००८ साली ५.१ या आवृत्तीत आला. त्याऐवजी ०९०डी हा ‘ऍ’ पाठवला जातो आणि शोधताना एकच शब्द दोन रूपांत सापडतो. ‘सुऱ्या’मधला अर्धा र हा ०९३१ या क्रमांकाचा ऱ आणि हलंत असा पाठवावा, साधा र आणि हलंत पाठवल्यास पुढच्या य वर रफार चढतो आणि ‘सुऱ्या’चे ‘सूर्या’ व्हायला फक्त उकार दीर्घ व्हायचा उरतो. मोडी लिपीचा कळफलक करणाऱ्यांसाठी आणखी एक पायरी आहे: मोडीचे कोष्टक ११६०० पासून सुरू होते, म्हणजे ते चार षोडशमान अंकांत मावत नाही. म्हणून प्रत्येक अक्षर दोन सरोगेट एककांत फोडून, आधी वरचे आणि मग खालचे, त्याच क्रमाने आणि एकाच हाकेत पाठवावे.

युनिकोड प्रकाराची मर्यादा अशी की, त्याने आज्ञा देता येत नाहीत. पडद्यावरचा कंट्रोल दाबून ठेवून युनिकोडने सी पाठवला, तर मजकूर कॉपी होत नाही. कंट्रोल, ऑल्ट किंवा विंडोज कळ दाबलेली असेल तेव्हा कोडने आभासी कळक्रमांकाच्या मार्गाने जावे आणि एरवी युनिकोडने. बाणांच्या कळा, होम, एंड, इन्सर्ट आणि डिलीट पाठवताना कीइव्हेंटएफ_एक्स्टेंडेडकी हा झेंडाही हवा. तो नसेल तर त्या अंकपॅडवरच्या कळा मानल्या जातात; नम लॉक चालू असताना शिफ्ट आणि बाण पाठवला की कर्सर सरकतो, पण मजकूर निवडला जात नाही. दूरस्थ डेस्कटॉपच्या विंडोत आणि काही खेळांत युनिकोड कळा पलीकडे पोहोचत नाहीत. तिथे स्कॅनकोड पाठवण्याचा पर्याय सेटिंग्जमध्ये द्यावा. क्लिपबोर्डवर अक्षर ठेवून चिकटवण्याची युक्ती शेवटचा उपाय म्हणूनही मला नकोशी वाटते, कारण वापरणाऱ्याने जपून कॉपी केलेला मजकूर त्यात हकनाक जातो.

विंडोजबाहेर

लिनक्समध्ये पडद्याची व्यवस्था एक्स११ किंवा वेलँड यांपैकी एक पाहते. एक्स११ असेल तर एक्सटेस्ट विस्ताराने कळा पाठवता येतात आणि विंडोच्या सूचनांमध्ये इनपुट नको असे सांगून फोकस टाळता येतो. एक्सटेस्ट फक्त कीकोड जाणते, जे ८ ते २५५ एवढेच असतात. चालू लेआउटमध्ये नसलेले अक्षर पाठवण्यासाठी एखादा रिकामा कीकोड तात्पुरता त्या अक्षराला जोडावा लागतो. लगेच तो पुन्हा बदलला तर समोरचे ॲप नव्या नकाशाने जुनी कळ वाचते आणि अक्षरे अदलाबदल होतात. बदलण्याआधी किंचित थांबावे. वेलँडमध्ये एका ॲपने दुसऱ्याला कळा पाठवण्याची वाट मुद्दाम बंद ठेवलेली आहे. तिथे व्हर्च्युअल कीबोर्डचा प्रोटोकॉल कंपोझिटरने (पडद्यावर विंडो मांडणाऱ्या प्रोग्रॅमने) दिलेला असावा लागतो. गनोममध्ये तो नाही. मग डेस्कटॉप पोर्टल किंवा यूइनपुट (आभासी उपकरण बनवण्याची लिनक्सची सोय) उरते, आणि यूइनपुटसाठी उपकरणाच्या फाइलवर लिहिण्याची परवानगी लागते.

मॅकओएसमध्ये एनएसपॅनेलला नॉनॲक्टिव्हेटिंगपॅनेल ही शैली द्यावी आणि सीजीइव्हेंटने कळा पाठवाव्यात. त्यासाठी ॲक्सेसिबिलिटीची परवानगी अनिवार्य आहे. इथला नेहमीचा सापळा असा की, नव्या बिल्डची स्वाक्षरी बदलली की सेटिंग्जमध्ये खूण दिसत राहते पण परवानगी लागू होत नाही. ती नोंद यादीतून काढून पुन्हा घालावी लागते.

अँड्रॉइडवर इतर ॲप्सच्या वर तरंगणारी विंडो काढून तिच्यातून कळा पाठवण्याचा नाद सोडावा. दुसऱ्या ॲपला कळा पाठवण्याची परवानगी सामान्य ॲपला मिळत नाही. इनपुटमेथडसर्व्हिसवर आधारलेला रीतसर कीबोर्ड बनवावा.

कंट्रोल किंवा शिफ्ट अडकून राहणे

कळफलक नीट चालतो आणि मग अचानक प्रत्यक्ष कीबोर्डवर एस दाबले की फाइल सेव्ह होऊ लागते. कुठेतरी कंट्रोल दाबल्याची घटना गेली आहे आणि सोडल्याची गेलेली नाही. सेंडइनपुट कीबोर्डची चालू स्थिती पुसत नाही. आधीपासून दाबलेली कळ दाबलेलीच राहते. म्हणून पडद्यावर शिफ्ट किंवा कंट्रोलचे बटण दाबले, तरी सिस्टिमला लगेच काहीही पाठवू नये. ते बटण चालू आहे एवढे आपल्याकडे लक्षात ठेवावे आणि पुढचे अक्षर आले की कंट्रोल दाबणे, अक्षर दाबणे, अक्षर सोडणे, कंट्रोल सोडणे या चारही घटना एकाच हाकेत पाठवाव्यात. अशाने कंट्रोल अधांतरी लटकण्याची संधीच उरत नाही.

दाबून धरलेली कळ पुन्हा पुन्हा उमटवण्यासाठी टायमर लावला असेल, तर बोट किंवा माउस बटणावरून सरकून बाहेर सुटल्यावर काय होते ते तपासावे. सुटल्याची घटना दुसऱ्याच विंडोला मिळाली, तर टायमर थांबत नाही आणि पानभर एकच अक्षर उमटते. दाबताच माउस आपल्याकडे पकडून ठेवावा, आणि पकड सुटल्याच्या घटनेतही टायमर बंद करावा.

ॲप बंद होताना दोन्ही बाजूंचे शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट आणि विंडोज कळ यांची अवस्था गेटअसिंककीस्टेटने पाहून, आपण दाबलेली एखादी कळ खाली राहिली असेल तर ती सोडल्याची घटना पाठवावी. टास्क मॅनेजरमधून ॲप मारले तर तो कोड चालणार नाही; तेव्हा अडकलेली कळ प्रत्यक्ष कीबोर्डवर एकदा दाबून सोडली की सुटते. प्रत्यक्ष कीबोर्डच नसलेल्या टचस्क्रीनवर कळफलक पुन्हा उघडणे एवढाच मार्ग राहतो, म्हणून हीच सफाई ॲप सुरू होतानाही एकदा करून घ्यावी.